वर्गातले प्रश्न : मूल नेमकं कुठे अडतं?

या अंकासाठी आलेली पत्रं बहुतेक प्राथमिक शाळांतून आली आहेत. सारख्या प्रश्नांचं एकत्र उत्तर दिलं आहे. वाचन आणि वजाबाकी या दोन विषयांवर सगळ्यात जास्त पत्रं होती, म्हणून ती उत्तरं मोठी झाली आहेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. २८ पैकी नऊ मुलांना अक्षरं येतात, बाराखडी तोंडपाठ आहे, पण साधं वाक्य वाचायला दिलं की अडखळतात. जोडाक्षर आलं की थांबतातच. मागच्या वर्षीचं सगळं परत घ्यायचं का? आणि वाचनाचा वेग किती असावा, तो कसा मोजायचा?
— एक शिक्षिका, जि. परभणी

उत्तर : सगळं परत घेऊ नका, बाई. नऊही मुलांचं घोडं एकाच जागी अडलंय असं समजून पुन्हा ‘अ अननसाचा’पासून सुरुवात केली, तर दोन महिने जातात आणि मुलं होती तिथेच राहतात. आधी प्रत्येक मुलाला जवळ बसवून तीन मिनिटं वाचायला लावा. १० सुटी अक्षरं, १० शब्द, चार वाक्यांचा एक उतारा, एवढं पुरे. मूल जे चुकीचं वाचेल ते जसंच्या तसं वहीत लिहा. ‘चुकला’ अशी खूण करू नका, काय म्हणाला ते लिहा. दुसऱ्या दिवशी या नोंदी एकत्र वाचल्यात की नऊ मुलांचे तीन-चार गट आपोआप पडतील.

पहिला गट असतो हिशेब करत वाचणाऱ्यांचा. ‘पाणी’ समोर आलं की ‘प ला काना पा, ण ला दुसरी वेलांटी णी’ असं म्हणून मग ‘पाणी’. चुकत काहीच नाही, पण वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. या मुलांना बाराखडी चालीवर येते, सुटी येत नाही. ‘मू’ विचारलं तर म, मा, मि, मी असं म्हणत तिथवर जातात. त्यांच्यासाठी पोस्टकार्डाच्या आकाराची वीस कार्डं करा : का, मी, रू, ते, लो, ना, बी, कू अशी. ती पिसायची आणि मुलानं बघताक्षणी ‘मी’ म्हणायचं. ‘म ला’ सुरू झालं की कार्ड परत गठ्ठ्यात. बाराखडीचा तक्ता आडवा वाचून घेण्याऐवजी उभा वाचून घ्या : का, मा, रा, ला, ना. दिवसाला दहा मिनिटं दिली, तर बहुतेक मुलांची ही सवय दोन-तीन आठवड्यांत सुटते.

दुसरा गट पहिल्या वेलांटीवर अडतो. ती अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि उच्चारात नंतर येते. त्यामुळे ‘कविता’मधली वेलांटी क ला चिकटते आणि मूल ‘किवता’ वाचतं. हे मूल गोंधळलेलं नाही, डोळ्याला दिसतं त्या क्रमानं वाचतंय. शब्दपट्टी कात्रीनं क, वि, ता अशी कापा आणि जोडून वाचायला द्या. आठवडाभर फळ्यावर लिहिताना पहिल्या वेलांटीचं अक्षर चौकटीत घाला.

तिसरा गट घ-ध, भ-म, ट-ठ-ढ, ब-व यांत गल्लत करणाऱ्यांचा. सारखी दिसणारी अक्षरं एकाच दिवशी शेजारी शेजारी ठेवून शिकवली की गोंधळ पक्का होतो. घ पूर्ण बसू द्या, आठवड्यानं ध आणा, आणि त्यानंतरच दोन्ही मिसळा.

आता जोडाक्षरं. ती एकदम सगळी येतात म्हणून जड जातात. आधी दंड जाऊन अर्धी होणारी अक्षरं घ्या : रस्ता, वस्तू, गल्ली, पुस्तक. मग एकाखाली एक बसणारी किंवा पाय मोडून लिहिली जाणारी : चिठ्ठी, लठ्ठ, गट्टी. र मात्र स्वतंत्र शिकवावा लागतो, कारण त्याची चार रूपं आहेत : गर्दीतला रफार, चक्रातला खालचा र, ट्रकमधला, आणि ‘दुसऱ्या’मधला. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि उच्चारात त्याच्या आधी येतो, म्हणून मुलं ‘गर्दी’चं ‘गद्री’ करतात. ‘गर्’ला एक टाळी आणि ‘दी’ला एक टाळी वाजवून घ्या. चारही रूपं एका तासात उरकू नका, एकेका रूपाला तीन-चार दिवस द्या. क्ष आणि ज्ञ शेवटी.

या गटांसाठी रोज ४०-४५ मिनिटं ठरवून ठेवा आणि त्या वेळेत इयत्ता विसरा. चौथीतलं मूल तिसरीच्या गटात बसलं तरी चालेल. इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करण्याची ही पद्धत प्राथमिक शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेनं बरीच वर्षं वापरली आहे. ती चालते तेव्हा त्यामागे एकच गोष्ट असते : दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी आणि गटबदल. तपासणी थांबली की ‘कच्च्यांचा गट’ कायमचा तयार होतो आणि मुलंही तसंच मानू लागतात.

वेगाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या कार्यक्रमात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, असं लक्ष्य आहे. मोजताना बरोबर वाचलेलेच शब्द धरा. ७० शब्दांचा उतारा ९० सेकंदांत वाचला आणि सहा चुका झाल्या, तर ६४ शब्द दीड मिनिटात, म्हणजे मिनिटाला सुमारे ४३. वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचाराच. घड्याळ लावून शर्यत घेतली की मुलं शेवटची अक्षरं गिळतात आणि अंदाजानं शब्द ठोकून देतात.

प्रश्न : चौथीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी तिसऱ्यांदा शिकवतोय. ४०२ − १८७ सोडवायला दिलं तर वर्गात पाच वेगवेगळी उत्तरं आली. कितीही सराव दिला तरी फरक नाही.
— एक शिक्षक, जि. सातारा

उत्तर : सर, ही पाच उत्तरं म्हणजे तुमच्या हाती लागलेला ऐवज आहे. बरोबर उत्तर २१५. चुकीची चार उत्तरं बहुधा अशी असतील.

३८५ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं : ७ मधून २, ८ मधून ०, ४ मधून १. वरची संख्या कोणती आणि खालची कोणती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वजाबाकी म्हणजे वरच्या संख्येतून काढून घेणं, हेच बसलेलं नाही. १२५ लिहिणारं मूल एककासाठी दहा थेट शतकातून आणतं, मधल्या शून्याला हात लावत नाही. मग दशकासाठी पुन्हा शतकाकडे जातं आणि ४ चे २ करून बसतं. ३१५ वाल्यानं ‘शून्याचे नऊ होतात’ हे पाठ केलंय, पण ते नऊ आले कुठून हे माहीत नसल्यानं शतक ४ च ठेवलं. २२५ वाल्यानं शतक सुटं करून दहा दशक केले, पण त्यातला एक दशक एककाला दिल्यावर नऊ उरतात हे लिहायचं राहिलं. हा मुलगा उत्तराच्या अगदी जवळ आहे, त्याला दोन दिवस पुरतील. ३८५ वाल्याला मात्र अजून शून्य नसलेल्या दोन अंकी वजाबाकीकडेच न्यावं लागेल. चौघांना एकच सराव दिला, म्हणून फरक पडला नाही.

सुरुवातीला सगळ्यांना ही पाच उदाहरणं द्या : ६८ − २५, ५२ − २७, ६० − ३४, ४०२ − १८७, ५०० − २६३. तिसऱ्या उदाहरणावर नजर ठेवा. ३४ उत्तर आलं तर मोठ्यातून लहान वजा करण्याची सवय आहे. ३० आलं तर ‘शून्यातून चार जात नाहीत, म्हणून शून्य’ असा विचार आहे. दोन्हींचे उपाय वेगळे.

साहित्य म्हणून खराट्याच्या सारख्या कापलेल्या शंभरेक काड्या आणि रबरबँड पुरेत. ५२ − २७ साठी पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा. २७ काड्या वेगळ्या मांडू नका. इथे बऱ्याच वर्गांत घोटाळा होतो : दोन्ही संख्या मांडल्या की मुलाला काय काढायचं ते कळत नाही, आणि बरीच मुलं दोन्ही ढीग मिळवून मोकळी होतात. वरची संख्या तेवढी मांडायची, खालची हा हुकूम. सात सुट्या हव्यात, आहेत दोन, म्हणून एका गठ्ठ्याचं रबर काढा. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या झाल्या. इथे थांबून विचारा, ‘आता सगळ्या मिळून किती?’ मुलानं न मोजता ‘बावन्नच’ म्हटलं तर पुढे जा. पुन्हा एकेक काडी मोजू लागलं, तर गठ्ठा सोडल्यानं संख्या बदलत नाही हे त्याला अजून पटलेलं नाही. त्या दिवशी तेवढंच करा. मग सात काड्या आणि दोन गठ्ठे उचलायचे, उरले २५. प्रत्येक हालचालीसोबत तीच गोष्ट पाटीवर लिहून घ्या. काड्यांचं काम आज आणि लिहिण्याचं उद्या असं केलं की मुलाच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्याच राहतात.

४०२ साठी काड्या अपुऱ्या पडतात, म्हणून खेळण्यातल्या नोटा घ्या. शंभराच्या चार, दहाची एकही नाही, रुपयाची दोन नाणी. १८७ द्यायचे आहेत. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा घेतल्या, त्यातली एक मोडून दहा नाणी घेतली. टेबलावर तीन शंभर, नऊ दहा आणि बारा रुपये दिसतात. शून्याचे नऊ का होतात, हे तोंडानं समजवायची गरजच उरत नाही.

चार-पाच दिवस काड्या-नोटा, मग दोन-तीन दिवस वहीत चित्रं (गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्यासाठी टिंब), त्यानंतर नुसते अंक. काड्या एकाच दिवसात गुंडाळल्या तर उपयोग नाही, आणि महिनाभर चालवल्या तर मुलं त्यांच्यावर टेकून राहतात. सोबत रोज पाच मिनिटं १२ − ७, १५ − ८, १३ − ६ अशी तोंडी उदाहरणं घ्या. रीत बरोबर असूनही १२ − ७ पाशी बोटं मोजताना चुकणारी मुलं तुमच्या वर्गात नक्की असतील. ताळा बेरजेनं करायची सवय लावा : २१५ + १८७ किती आले?

प्रश्न : दुसरीतली मुलगी ‘सत्तेचाळीस’ सांगितलं की ७४ लिहिते. तिला उलटं दिसतं का? डॉक्टरांना दाखवू का?
— एक पालक, पुणे

उत्तर : काळजी करू नका. ‘सत्तेचाळीस’मध्ये आधी सात ऐकू येतात आणि मग चाळीस, ऐकलं त्या क्रमानं ती लिहिते. याच अडचणीसाठी बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांना ‘वीस एक, वीस दोन’ अशी जोड दिली आणि त्यावरून मोठा वाद झाला. घरी दोन्ही म्हणा : ‘सत्तेचाळीस, म्हणजे चाळीस आणि सात’. ४० लिहिलेल्या कार्डावरच्या शून्यावर ७ चं छोटं कार्ड ठेवून दाखवा. तिला आधी चार लिहून उजवीकडे जागा सोडू द्या. एकोण असलेल्या संख्या (एकोणतीस, एकोणपन्नास) वेगळ्या घ्या, कारण तिथे पन्नास ऐकू येतात आणि लिहायचे असतात ४९. चौथीपर्यंतही हा गोंधळ राहिला, आणि त्यासोबत वाचनही अडत असेल, तर मात्र तपासणी करून घ्या.

प्रश्न : आमच्या वाडीतली निम्मी मुलं दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. परत आली की काहीच येत नाही. पटावर नाव ठेवायचं की नाही, इथपासून प्रश्न आहे.
— द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक, जि. बीड

उत्तर : नाव काढू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. दाखला मिळायला उशीर झाला या कारणावरून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावं लागतं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवून मूल दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकतं; ते भरून मुलाच्या हाती द्या आणि त्याची एक प्रत शाळेत ठेवा.

खरं काम मात्र दिवाळीच्या आधीचं आहे. सप्टेंबरमध्येच घरोघर जाऊन कोण जाणार, घरी आजी-आजोबा कोण राहणार, याची यादी करा. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस थांबतं, ती मुलं गावातच राहू शकतात. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह वेळेत गेला, तर त्यांच्या जेवणाची सोय होते. प्रस्ताव उशिरा गेला की मंजुरी येईस्तोवर टोळ्या निघून गेलेल्या असतात. थोरल्या मुलीला का नेतात, हेही विचारा. बहुतेक वेळा धाकट्याला फडाच्या कडेला सांभाळायला कुणी हवं असतं. धाकटंही आजीपाशी राहिलं आणि अंगणवाडीत जाऊ लागलं, तर थोरलीची शाळा वाचते. आईशी हे बोलणं नवरात्राच्या आसपास व्हायला हवं. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन झाल्यावर आणि बिऱ्हाड बांधायला घेतल्यावर उपयोग होत नाही.

जी जाणारच, त्यांच्याबरोबर पाठ्यपुस्तकं, एक वही आणि एका पानावर त्यांची पातळी लिहून द्या : ‘वाक्य वाचते, जोडाक्षरात अडते, बिनहातच्याची वजाबाकी येते’. मुकादमाचा फोन नंबर आणि कारखान्याचं नाव लिहून घ्या. टोळी कुठे उतरली ते कळलं की जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एक फोन करा. टोळी मधे हलते, म्हणून महिन्यातून एकदा मुकादमाला विचारत राहा.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी उजळणीच्या तासाला बसवू नका. जाताना लिहिलेलं पान काढा, तीच तपासणी पुन्हा घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. ‘काहीच येत नाही’ असं क्वचितच असतं. लिहिणं गेलेलं असतं, तोंडी हिशेब बऱ्याचदा वाढलेला असतो. मोळ्या, खेपा, टन, दिवसाची मजुरी हे या मुलांनी रोज ऐकलेलं असतं, म्हणून गुणाकाराची सुरुवात तिथून करा. सुट्टी लागेपर्यंत जे वीस-पंचवीस दिवस मिळतात, त्यात फक्त वाचन आणि गणितातल्या दोन क्रिया घ्या, बाकीचे विषय तोंडी. सगळा पाठ्यक्रम पळवायला गेलात तर काहीच हाती लागत नाही.

प्रश्न : सहावीतला मुलगा तोंडी उत्तरं फार छान देतो, पण पेपरात दहा ओळीही लिहीत नाही. अक्षरं उलटसुलट, शुद्धलेखन शून्य. घरचे म्हणतात आळशी आहे.
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : तोंडी आणि लेखी कामात एवढं अंतर असेल, तर आळस हा शब्द बाजूला ठेवा. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग तीन महिन्यांतली त्याची पानं जमवा : श्रुतलेखन, फळ्यावरून उतरवलेलं, आणि स्वतःच्या मनानं लिहिलेलं. फळ्यावरचं नीट आणि श्रुतलेखन बिघडलेलं, की तिन्ही सारखीच, यावरून तपासणाऱ्याला बरंच कळतं. तालुका पातळीवरच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना ही पानं दाखवा. निदान करणं तुमचं काम नाही, आणि पालकांसमोर कोणतंही नाव उच्चारू नका. ‘याला बरंच येतं, कागदावर उतरत नाही, का ते तपासून घेऊ’ एवढंच सांगा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकताना कायम येणारी अडचण) आहे. तिचं प्रमाणपत्र शासनानं अधिकृत केलेल्या रुग्णालयातूनच घ्यावं लागतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळं केंद्र आहे. तारखा मिळायला वेळ लागतो, म्हणून नववी-दहावीची वाट पाहू नका. त्या प्रमाणपत्रावर परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

प्रमाणपत्र येईपर्यंत वर्गात काय करता येईल? उत्तर तोंडी घेऊन तुम्ही किंवा जोडीदारानं लिहावं. फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील कागद द्यावा. विज्ञानाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. दहा शब्दांच्या याद्या घोटून घेण्यापेक्षा आठवड्याला एकच नियम घ्यावा, जसं शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ (पाटी, जादू), किंवा फूल पण फुलाला, मीठ पण मिठाला. आणि त्याला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नये.

प्रश्न : प्रश्न विचारला की तीच चार मुलं हात वर करतात. बाकीच्यांना बोलतं कसं करावं?
— एक शिक्षक, जि. रत्नागिरी

उत्तर : प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबता ते मोजा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं वर्गांमधलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं, तेव्हा शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं दिसलं. ते तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. प्रश्न विचारा, मनात तीन मोजा, तोवर कुणालाही बोलू देऊ नका. उत्तर आल्यावरही लगेच ‘शाब्बास’ म्हणू नका, पुन्हा थांबा. दुसरं मूल त्यात भर घालतं. दिवसातून दोन प्रश्न असे ठेवा की ज्यांचं उत्तर सगळे पाटीवर लिहितील आणि एकदम वर करतील. तीस पाट्या एका नजरेत दिसतात, आणि चुकलेल्याला एकट्याला उभं राहावं लागत नाही. नावं लिहिलेल्या काड्यांच्या डब्यातून नाव काढायचं असेल, तर आधी शेजाऱ्याशी अर्धा मिनिट बोलू द्या, आणि मग काडी काढा.